नानांच्या गाडीतला ‘घर’ नावाचा नंबर

तुम्ही चाकणला गेला नसाल, पण चाकण तुमच्या गल्लीत कधीच येऊन उभं राहिलं आहे. शेजाऱ्याच्या दारातली गाडी, गाडीचं दार, दाराची काच वरखाली करणारी मोटर, नाहीतर निदान एखादी वायर तरी तिथून आलेली असते. आम्ही इचलकरंजीकर साऱ्या देशाला कापड नेसवतो म्हणून कॉलर ताठ करतो. भोसरीत उतरल्यावर दिसलं, की इथली माणसं साऱ्या देशाला चाकं लावतात आणि स्वतः शेअर रिक्षात एक पाय बाहेर ठेवून कामाला जातात.

मी गेले होते वैशालीकडे. माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. यंत्रमाग कामगारांची, महागाईविरुद्धची, पाणीटंचाईची पत्रकं तिथे छापली जातात. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे उद्गारचिन्ह मला लवकर आलं आणि स्वल्पविराम उशिरा. वैशाली छापखान्यात माझ्याशेजारी बसून कागद मोजायची. पुढे तिचं लग्न बार्शीकडच्या एका गावात झालं. नवरा हात उचलायचा. दोन वर्षांपूर्वी ती एक पिशवी घेऊन तिथून निघाली ती थेट भोसरीला आली. नवं सिमकार्ड घेतलं, खोली घेतली, कंत्राटावर काम धरलं. पत्ता फक्त तिच्या आईला आणि मला ठाऊक होता. सासरचे माहेरी विचारायला आले, की तिची आई सांगायची, “मुंबईकडं कुठंतरी हाय म्हणं.”

भोसरी, मंगळवार

उड्डाणपुलाखाली वैशाली मला न्यायला आली होती. आधी मला तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझी शबनम पिशवी पाहिली.

“पत्रकं आणलीस की काय गं?”

“अजून लिहिली नाहीत.”

“म्हणजे इथं लिहिणार. मेलो आम्ही.”

तिची खोली एमआयडीसीच्या कडेला, खाली लेथ मशीनचं वर्कशॉप. आमच्याकडे मागांचा खडखडाट भिंतीतून येतो, इथे लोखंड कापल्याची किरकिर जमिनीतून येते. मला त्या आवाजात छान झोप लागली. आवाज नसला की आम्हा इचलकरंजीकरांना वाटतं, संप झाला.

चाकणच्या वाटेवर, बुधवार

पहिल्या शिफ्टला वैशाली ज्या गाडीनं जाते ती नानांची. नाना भोसरी गावठाणातले जुने शेतकरी. जमीन त्यांच्या वडिलांच्या काळातच कारखान्यांत गेली. आता ते एक पांढरी सात आसनी गाडी चालवतात आणि चाकणला जाणाऱ्या बायकांची ने-आण करतात. गाडी जुनी घेतलेली, पण तिच्या मधोमध हातभर रुंद स्क्रीन आहे आणि नाना तिला देव्हाऱ्यासारखी पुसतात. एक बाई बहिणीच्या लग्नाला परभणीला गेली होती, तिच्या जागेवर मी बसले.

“ही मैतरीण व्हय? लिवती म्हणं,” नाना आरशात बघत म्हणाले. “लिव बाई. पर आमच्या गाडीत गप बसायचं न्हाई. गप गाडीत मला डुलकी लागती.”

या गाडीत एक रीत आहे. जिची पुढच्या सीटवर बसायची पाळी, तिनं आपला फोन स्क्रीनला जोडून गाणी लावायची. नानांना जागं ठेवायची जबाबदारी तिची. त्या दिवशी पाळी वैशालीची होती. तिचा फोन जोडला गेला, गाणं सुरू झालं, आणि गाण्याच्या शेजारी एक हिरवा रिसीव्हर उमटला. मी मागून विचारलं, “हे काय?”

“त्यात आमचे सगळ्यांचे नंबर असतात,” वैशाली म्हणाली. “जोडताना विचारतं ना, नाव-नंबर घेऊ का म्हणून. हो म्हणायचं.”

“का म्हणायचं?”

“नाही म्हटलं आणि गाणं नाही लागलं तर? मागे शिफ्टची घाई, पुढे नानांची डुलकी.”

मी बोट लांब करून त्या रिसीव्हरवर दाबलं. वैशालीचा फोन तिच्या पर्समध्ये होता, त्याला अंगठ्याचं कुलूप. आणि इथे स्क्रीनवर तिची आई, माझं नाव, खोलीमालक, दवाखाना, काल कुणाला किती वाजता फोन केला, सगळं उघड्यावर पसरलेलं. तिजोरीला कुलूप लावून मागची भिंत पाडून ठेवल्यासारखं! मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. मोशी मागे पडली, चिंबळी फाटा आला, तरी माझं संपेना.

“अगं, नानांची गाडी आहे ती,” वैशाली हसली. “पोलिसांची नाही.”

मागच्या सीटवरच्या मंगलताई सगळ्यांत मोठ्या, मूळच्या परभणीकडच्या. त्या म्हणाल्या, “आमच्या मालकाचा फोन आला की गाडीभर ऐकू येतंय. त्यामुळं तर बिचारे नीट बोलायलेत आजकाल.”

गाडी हसली. नाना मात्र गंभीर होते. “तू बोलतीस ते खरं आसल. पर माझ्या गाडीत पोरी बसत्यात. वाटंत कुणाला काय झालं, तर मी कुणाला सांगू? हितं नंबर हाय म्हणून मला घोर न्हाई.”

मी खिडकीबाहेर पाहू लागले. कुरुळीच्या पुढे कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांमधून मधेच एखादं झेंडूचं शेत येत होतं, आणि लांब भामचंद्राचा डोंगर. नव्या कोऱ्या गाड्या पोटात भरलेले लांबलचक कंटेनर आमच्या पुढे मुंगीच्या पावलानं चालले होते. त्या प्रत्येक गाडीत अशीच एक स्क्रीन असणार, आणि प्रत्येक स्क्रीन कुणाला तरी घाईच्या वेळी तोच प्रश्न विचारणार.

चाकण

वैशालीच्या कंपनीत गाड्यांच्या स्क्रीनच तयार होतात. बोटानं दाबून त्या नीट चालतात का हे तपासायचं तिचं काम. गेटवर रांग होती. रखवालदार प्रत्येकीच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक गोल लाल स्टिकर चिकटवत होता. आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. मी गेटचा फोटो काढायला फोन वर केला मात्र, तो धावत आला आणि माझ्याही कॅमेऱ्याला स्टिकर लावून गेला. मी कंपनीत जाणार नाही, मी इचलकरंजीची आहे, हे सगळं सांगून झालं. “असू द्या मॅडम, शोभतंय,” तो म्हणाला.

म्हणजे कंपनीच्या गुपिताला स्टिकर आहे, आणि ती स्क्रीन तपासणाऱ्या बाईच्या गुपिताला काहीच नाही. माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. दिवसभर मी चाकणच्या बाजारात फिरले. कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या, त्यांच्या आडोशाला बसून भाकरी खाणारे हमाल, एका टपरीवर तिखटजाळ मिसळ. आमच्याकडच्या मिसळीचा कट मसाल्यानं भारी असतो, ही नुसती मिरचीनं अंगावर येते. नाक पुसत पुसत मी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि शिफ्ट सुटल्यावर गाडीत वाटल्या. मथळा होता, ‘भगिनींनो, तुमचा फोन गाडीला आंदण देऊ नका!’

मंगलताईंनी त्यावर भेळ ओतून घेतली. वैशालीनं मात्र पूर्ण वाचलं. तिचा चेहरा उतरलेला होता. परवा डबल शिफ्ट, आज संकष्टीचा उपास, पोटात चहाशिवाय काही नाही.

“चांगलं लिहिलंयस की,” ती म्हणाली. “फक्त नानांना दाखवू नको. त्यांना वाईट वाटेल.”

इंद्रायणीच्या पुलाजवळ

मोशीच्या अलीकडे वाहनं तुंबली होती. गाणं चालू होतं. वैशालीची मान खिडकीकडे कलंडली आणि हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

“नाना, थांबवा! पोरगी गेली!” मंगलताई ओरडल्या.

नानांनी गाडी कडेला घेतली. आम्ही मागून तिच्या तोंडावर पाणी मारत होतो, पदरानं वारा घालत होतो. आणि नाना, असं काही घडलं तर काय करायचं हे ज्यांनी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं, ते शांतपणे तेच करत होते. हिरवा रिसीव्हर दाबला. नावांवरून बोट फिरवलं. ‘घर’ दिसलं. दाबलं.

गाडीभर रिंग वाजली. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “कोण बोलतंय?”

“राम राम. आमी भोसरीवरनं, गाडीवाले नाना. तुमची वैशाली आमच्या गाडीत हाय. जरा चक्कर आलीया, घाबरू नगा.”

पलीकडे खाट करकरली. मग, “कोण वैशाली? आमची?” आणि लगेच लांब कुणाला तरी हाक, “दत्ता, आरं इकडं ये! सापडली!”

दत्ता म्हणजे तिचा नवरा. मी दोन सीटच्या मधून अंग घुसवलं आणि स्टिअरिंगवरचं दिसेल ते बटण दाबलं. आवाज वाढला. “भोसरीत कुठं?” हा प्रश्न इतका मोठ्यानं आला, की शेजारचा मोटारसायकलवालाही वळून पाहायला लागला. नाना सरळ मनानं सांगू लागले, “आळंदी रोडच्या अंगाला...”

“बंद करा,” वैशाली म्हणाली. तिचे डोळे उघडले होते.

नानांना स्क्रीनवर काय बंद करायचं कळेना. त्यांनी किल्लीच फिरवली. स्क्रीन काळी पडली. आम्ही श्वास सोडला, तर तोच आवाज आता बारीक होऊन वैशालीच्या पर्समधून येऊ लागला, “हॅलो? हॅलो? कुठं आहेस तू?” मंगलताईंनी पर्स उपडी केली आणि फोन कट केला.

नानांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. “मी घरीच लावला की,” ते म्हणाले. “घर म्हणूनच हुतं त्यात.”

“ते सासरचं घर आहे, नाना,” वैशाली म्हणाली.

गावठाणातलं घर

वाटेत सगळं ऐकल्यावर त्या रात्री खोलीवर जायचं नाही असं नानांनीच ठरवलं. त्यांच्या घरी त्यांच्या बायकोनं हुलग्याचे शेंगोळे केले होते. वाटीतलं गोल वेटोळं बघून मला ती चकली वाटली आणि मी कुरकुरीत चावायला गेले. गरम रस्सा हनुवटीवर. तेवढ्यानं वैशाली हसली. उपास सोडून तिनं दोन वाट्या खाल्ल्या. नाना जेवले नाहीत. अंगणात जाऊन बसले.

वैशालीच्या फोनवर तोपर्यंत त्या नंबरावरून किती वेळा रिंग आली ते मी मोजलं नाही. शेवटी एक निरोप आला, ‘उद्या येतो.’ नवा नंबर गेला, गाव कळलं, रस्ताही कळला. दोन वर्षं जपलेलं सगळं एका बोटानं गेलं.

“तू ते नाव का ठेवलंस?” मी विचारलं. “घर म्हणून?”

“काढायचं म्हटलं, की त्या जागी कुठला नंबर टाकायचा हा प्रश्न यायचा.” ती शेंगोळ्याचा तुकडा वाटीत फिरवत राहिली. “आईचा आई म्हणून आहे. खोलीचा खोलीमालक म्हणून. मग घर कुठलं? म्हटलं राहू दे. कोण बघतंय?”

मला नानांवर चिडायचं होतं. तयारीही होती, पत्रक खिशातच होतं. बाहेर जाऊन पाहिलं, तर ते गाडीचं पुढचं दार उघडून नुसतेच उभे होते.

“माझ्या पोरीसाठी केलं आसतं, तेच केलं मी,” ते म्हणाले.

ते खरं होतं, म्हणूनच वाईट होतं. राग मला आजही आहे, पण तो मी योग्य पत्त्यावर पाठवते आहे. गाण्यासाठी थांबलेल्या बाईला ‘तुझी सगळी माणसं मला देतेस का’ असं विचारणारं यंत्र ज्यांनी बनवलं, ‘हो’ ठळक आणि ‘नाही’ कोपऱ्यात ज्यांनी ठेवलं, त्यांना ठाऊक होतं ती काय उत्तर देणार. तिचा होकार असाच काढून घेतलेला होता. नानांना फक्त तो खरा वाटला.

पिंपरी, गुरुवार

गुरुवार इथला सुट्टीचा वार. सकाळी नाना मला घेऊन पिंपरीत गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं स्क्रीनवर जोडलेल्या फोनांची नावं काढली. मंगल, वैशाली, बाकीच्या. मग एक सुजाता.

“ही कोण?” मी विचारलं.

“लगीन करून नाशकाला गेली. लई दिस झालं.” नाना स्क्रीनजवळ वाकले. “आजून हाय व्हय ही हितं?”

तिच्याही खाली एक ‘पाटील साहेब’ होते. ते नानांच्याही ओळखीचे नव्हते. गाडीच्या आधीच्या मालकाच्या गोतावळ्यातले कुणीतरी असावेत. बिचारे अजून रोज पहिल्या शिफ्टला चाकणला जात होते.

“सगळं पुसायचं?” दुकानदारानं विचारलं. “त्यापेक्षा नाना, दहा इंची टाकून देतो. नुसतं तोंडानं नाव घ्या, फोन लागतो. बोट लावायचं काम नाही.”

“बोटानं एवढं केलं,” नाना म्हणाले. “आता तोंडानं नगं.”

पुसून झाल्यावर स्क्रीनवर काहीच उरलं नाही. नानांनी सवयीनं तिच्यावरून फडकं फिरवलं. “समद्या उतरल्या,” ते हळूच म्हणाले. आपल्या फोनमध्ये कशाला परवानगी दिलीय हे कुठे पाहायचं, गाडीला नावं न देताही गाणं लागतं, हे मी त्यांना दाखवलं. गाणं खरंच लागलं. इतकी साधी गोष्ट होती ती, आणि कुणालाही ती कुणी सांगितली नव्हती.

चौकीसमोरचा चहा

मी म्हणत होते, वैशालीनं दिघीला नानांच्या बहिणीकडे जावं, काही दिवस दिसूच नये. नानाही तेच म्हणत होते. वैशाली ऐकून घेत होती. दुपारी फोन वाजला, दत्ता भोसरीत उतरला होता. तिनं स्वतः उचलला.

“पोलीस चौकीसमोर टपरी आहे. तिथं ये. मी तिथंच आहे.”

आणि ती होतीच. आधी चौकीत जाऊन तिनं अर्ज दिला होता. मसुदा माझा, पण त्यातली निम्मी विशेषणं तिनं खोडली. सुट्टी असून ती कंपनीच्या निळ्या गणवेशात आली होती. मंगलताई आणि गाडीतल्या बाकीच्याही तशाच. शेजारच्या बाकावर त्या निळ्या रांगेनं बसल्या होत्या. नाना गाडीला टेकून लांब उभे.

दत्ताबरोबर त्याचे वडील होते, कालचा आवाज. म्हाताऱ्याच्या हातात कापडी पिशवी. दत्ता मला आठवत होता त्याहून बारीक झाला होता.

“दोन वर्षं शोधतोय तुला,” तो म्हणाला.

“मी हरवले नव्हते. मी निघून आले होते.”

“झालं ते झालं. घरी चल. हात लावणार नाही आता.”

“हे कुठं म्हणतोयस बघ,” वैशाली म्हणाली. “चौकीसमोर म्हणतोयस. घरात असं कोण समोर असतं?”

त्यानं चहाचा ग्लास आपटला. निळी रांग एकदम उभी राहिली. मंगलताई म्हणाल्या, “भाऊ, ग्लास टपरीवाल्याचा हाय.” तो बसला. मग खाली बघत सांडलेला चहा बोटानं पुसू लागला. त्याची मला दयाही आली, आणि त्या दयेवर मी दुसऱ्या कुणाचं आयुष्य ओवाळून टाकणार नाही.

म्हाताऱ्यानं पिशवी पुढे केली. “तुझ्या सासूनं दिलीया. शेतातली तुरीची डाळ. ती म्हणली, सापडली नाही तर परत आण. सापडली तर दे.” त्यांचा आवाज कालच्यापेक्षा कितीतरी लहान होता. “ती काही विचारत नाही. नुसतं नीट आहे का तेवढं बघून या म्हणली.”

वैशालीनं पिशवी घेतली. “त्यांना सांगा, मी नीट आहे. त्यांना मी फोन करेन. मला वाटेल तेव्हा.”

ती उठली, आणि रिक्षा पकडून आधी उलट्या दिशेला गेली. पत्ता तिनं दिला नाही. संध्याकाळी खोलीवर आली तेव्हा पिशवी स्टोव्हशेजारी ठेवत मला म्हणाली, “डाळ घेतली. माणूस परत पाठवला.” मग भिंतीकडे तोंड करून खूप रडली. मी यावर पत्रक लिहिणार नाही असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. हे लिहून झाल्यावर आधी तिला वाचायला पाठवलं. तिनं एक वाक्य काढायला लावलं, बाकीचं राहू दे म्हणाली.

भोसरी, शुक्रवार

माझी बस दुपारी होती. सकाळी मी वैशालीला गल्लीच्या तोंडाशी नानांच्या गाडीपर्यंत पोचवायला गेले. पुढच्या सीटची पाळी मंगलताईंची होती, पण वैशाली आधी पुढे वाकली. तिनं फोनच्या कव्हरमागून गेटवरचा एक जुना लाल स्टिकर सोलून काढला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या हिरव्या रिसीव्हरवर बरोबर मधोमध चिकटवला. रोज स्क्रीन तपासणारा अंगठा होता तो. एकही सुरकुती पडली नाही.

नाना बघत होते. कालपासून त्यांच्या ओठांवर असलेलं त्यांनी शेवटी विचारलं.

“आन् तुला काय झालं, तर मी कुणाला इचारू?”

“मला विचारा.”

“तू बेसुद आसलीस तर?”

“पाणी मारा, नाना. आणि उठले की मला विचारा.”

नानांनी मान हलवली. सीटखालची पाण्याची बाटली काढून हलवून बघितली, अर्धी होती. ते खाली उतरले, कोपऱ्यावरच्या नळावर ती काठोकाठ भरून आणली आणि वैशालीच्या हातात दिली.

“चला, बसा,” ते म्हणाले. “मंगल, गाणं लाव. गप गाडीत मला डुलकी लागती.”